वाफेवर धुराचा आळ

भोंगा तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मुकादमबाईंच्या डोक्याला साबण होता.

तिसऱ्यांदा म्हणजे त्या पंधरवड्यात तिसऱ्यांदा. एक डोळा मिटून आणि दुसरा अर्धाच उघडून त्यांनी नळ बंद केला, कसाबसा गाऊन चढवला आणि फेसासकट बाहेर आल्या. बाहेरच्या अरुंद बोळात, छताला लावलेली बशीएवढी पांढरी डबी जिवाच्या आकांताने कोकलत होती. बाईंनी टॉवेल हलवून तिला खालून वारा घातला. मग तशाच ओल्या पायांनी स्वयंपाकघरात गेल्या आणि शेगडीच्या दोन्ही बर्नरवर एकेक तळहात टेकवला. गार. पातेली पालथी, चहाचं भांडं खुंटीला. धुराचा मागमूस नाही, जळका वास नाही.

थोड्या वेळाने डबी आपोआप गप्प झाली आणि दारावर धपाधप थापा पडल्या.

दारात खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हरसाहेब उभे. तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवून निवृत्त झालेला माणूस; तीन महिन्यांपूर्वी इथे राहायला आला होता आणि अजूनही दोन खिशांचाच शर्ट घालायचा. हातात बादली. निम्मं पाणी जिन्यातच सांडलं होतं.

"कुठे लागलीय?"

बाईंनी मान हलवली.

"काय ठेवलं होतं गॅसवर?"

बाईंनी पुन्हा मान हलवली.

"काहीच नाही? मग धूर काय हवेतून आला? अहो, बोला की! दातखीळ बसली का?"

बाईंनी नुसते हात जोडले. कपाळावरून फेसाचा एक ओघळ भुवईपर्यंत आला होता. ड्रायव्हरसाहेबांनी आत डोकावून पाहिलं, नाकपुड्या फुलवून वास घेतला आणि निराश झाल्यासारखे बादली घेऊन वळले. "मुलाला कळवायला हवं तुमच्या. मला बजावून ठेवलंय त्यानं," असं म्हणत खाली गेले.

आता बाई बोलल्या का नाहीत, ते सांगायला हवं.

मुकादमबाईंची बत्तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात गेली. शेवटची चौदा तर मुकादम म्हणून, ते नाव तिथलंच. तिथली यंत्रं अशी घरघरायची की शेजारी उभ्या बाईला "चादर इकडे दे" सांगायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मनाशी एक नेम धरला: जन्मभर ओरडण्यात गेला, आता दिवसाचा पहिला तास देवाला शांत द्यायचा. उठल्यापासून अंघोळ होऊन प्रार्थना संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. पोटच्या मुलालाही नाही. नेम बोलून दाखवला की त्याची मिरवणूक होते, असं त्यांचं म्हणणं. आणि तेही मनातल्या मनातच.

त्यामुळे झालं असं, की भोंगा वाजायचा तो नेमका अंघोळीच्या वेळी, आणि बाई सापडायच्या त्या नेमक्या मौनात.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा.

"आई, खालचे काका सांगत होते, तू उत्तरच देत नाहीस म्हणे. नुसती बघत राहतेस."

"अरे, ते सकाळचं होय…" बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"सकाळचंच तर विचारतोय. गॅसवर काय होतं?"

"काही नव्हतं."

"नक्की?"

या 'नक्की'मागे काय आहे, ते बाईंना ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी दूध त्यांच्याच हातून जळलं होतं, ते काही खोटं नव्हतं. जुन्या मैत्रिणीचा फोन आला, दोघी धुलाईघराच्या आठवणींत रमल्या, आणि इकडे पातेल्याचा कोळसा झाला. तेव्हाच मुलाने ती डबी आणून लावली होती.

"हे बघ आई, आणखी एकदा वाजला ना, की मी त्याच दिवशी गाडी घेऊन येतो. मग नाही म्हणायचं नाही. खोली तयारच आहे."

मागून सूनबाईंनी फोन हिसकावला. "अहो आई, निळे पडदे लावलेत. तुमच्या आवडीचे! आणि पलंग खिडकीशी सरकवलाय."

इतक्या मायेने कुणी कुणाला घरातून उचललं नसेल. बाईंनी फोन ठेवला आणि आपल्या दोन खोल्यांकडे पाहिलं. मुलाच्या घरी सकाळ म्हणजे टीव्ही, मोबाइल, "माझा मोजा कुठे गेला" आणि "डबा भरला का". माणसं सोन्यासारखी, पण सकाळ म्हणजे बाजार. तिथे गेलं की नेम संपला. त्याचंही एक वेळ सोसलं असतं. खरी भीती वेगळीच होती. बर्नर गार होते, हे हाताने पाहिलं होतं. पण पेटवला, विझवला आणि पेटवल्याचं विसरले, असं तर नसेल? ज्या डोक्याने आठवायचं त्याच डोक्यावर संशय. आता साक्ष काढायची कुणाची?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी घरातला लायटर, दोन काडेपेट्या आणि देवापुढची अर्धी मेणबत्तीसुद्धा एका पिशवीत घातली. सिलिंडरचा खटका फिरवून बंद केला. पिशवी घेऊन खाली गेल्या.

"ड्रायव्हरसाहेब, एवढं उद्या सकाळपर्यंत तुमच्याकडे ठेवा."

साहेबांनी पिशवीत पाहिलं. "हे काय? दिवाळखोरी जाहीर केलीत की काय?"

"ठेवा हो. आणि मी मागायला आले तरी देऊ नका."

"म्हणजे दारुड्याची बाटली बायकोने लपवावी तसं," ते म्हणाले आणि लायटर शर्टाच्या डाव्या खिशात, काडेपेट्या उजव्या खिशात ठेवल्या.

सकाळी बाई अंघोळीला गेल्या. थंडी कडाक्याची होती, आणि बाईंना विजेच्या गिझरचं पाणी चटका बसेल असंच लागायचं; बत्तीस वर्षं वाफेत वावरलेल्या कातडीला कोमट पाणी म्हणजे चेष्टा वाटे. दोन तांबे अंगावर घेतले, चार घेतले, दहा घेतले. मनात देवाचं नाव, आणि नावाच्या आडून एक कान बाहेर. आज काही होणार नाही. आज घरात ठिणगीसुद्धा नाही.

भोंगा वाजला.

बाई पाटावर बसल्या होत्या त्या तशाच बसून राहिल्या. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. जगात आपल्या घराला आग लागल्याची वर्दी ऐकून खुदकन हसलेली बाई तीच एक असेल. देवा, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे!

कपडे करून बाईंनी दार उघडताच ड्रायव्हरसाहेब बादलीसकट आत घुसले. "बाई, मी जिन्यातूनच मुलाला फोन लावला, तो निघालाय! काय पेटवलंत आता?"

बाईंनी त्यांच्या डाव्या खिशाकडे बोट दाखवलं.

साहेबांनी खिसा चाचपला. लायटर. उजवा चाचपला. काडेपेट्या. बादली त्यांच्या हातातून हळूच जमिनीवर टेकली. "अरेच्चा. तुमची आग तर माझ्याकडे आहे."

बाईंनी फोनजवळची वही ओढली. क्षणभर घुटमळल्या: लिहिणं हे बोलण्यातच धरायचं की काय? मग देवाला अक्षरओळख असली तरी तो एवढ्या तेवढ्यावर रुसणारा नाही, असं ठरवून त्यांनी लिहिलं, 'बर्नरला हात लावा. सिलिंडर बघा.'

साहेबांनी हात लावला, सिलिंडर पाहिला, परत बोळात आले आणि डबीखाली उभे राहून वर बघू लागले. "मग ही बया ओरडते कशाला? आणि मला काही दिसेनासं का झालं?" त्यांनी चष्मा काढला. दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या होत्या.

बाई त्या काचांकडे बघतच राहिल्या. मग दोन बोटं वर केली, म्हणजे 'दोन मिनिटं थांबा', आणि आतल्या खोलीत गेल्या. त्या दिवशीची प्रार्थना जरा घाईची झाली, पण मनापासूनची होती. बाहेर आल्या त्या बोलतच.

"ड्रायव्हरसाहेब, वाफ आहे ती! माझ्या अंघोळीची वाफ!"

"अहो, तुम्हाला सकाळी बोलता येतं?"

तेव्हा बाईंनी नेमाचं सांगितलं. जमिनीकडे बघत, चोरी कबूल करावी तसं. साहेबांनी आपल्याच कपाळावर हात मारला. "आणि मी मुलाला सांगितलं की आई सकाळी बधिर होतात! अहो, एका शब्दाने सांगायचंत."

"एक शब्द काढला असता तर नेम कुठे राहिला असता?"

"हेही खरं," साहेब म्हणाले. "पण बाई, वाफ म्हणजे पाणी. पाण्याने आगीचा भोंगा वाजला म्हणजे मांजराला बघून उंदीर नाचला म्हणायचं."

डबीबरोबर आलेलं पत्रक बाईंनी टेबलाच्या खणात जपून ठेवलं होतं. अक्षर मुंगीएवढं. साहेबांनी चष्मा पुसला आणि एखादं फर्मान वाचावं तसं मोठ्याने वाचलं. डबीच्या आत एक बारीकसा दिवा असतो आणि एक डोळा असतो. दिव्याचा उजेड त्या डोळ्यावर थेट पडत नाही, बाजूने निघून जातो. धूर आत शिरला की धुराच्या कणांवर आपटून उजेड इकडेतिकडे उडतो, त्यातला थोडा डोळ्यात जातो, आणि डबी ओरडते.

वाचता वाचता साहेब थांबले. "हे तर धुक्यातलं गाडी चालवणं झालं!"

"म्हणजे?"

"घाटात दाट धुकं असलं की नवा ड्रायव्हर घाबरतो आणि हेडलाइट मोठा करतो. तो उजेड पुढे जातच नाही. धुक्यावर आपटून उलटा आपल्याच डोळ्यात येतो, आणि समोर नुसती पांढरी भिंत. आम्ही नव्या पोरांना पहिलं हेच शिकवायचो, धुक्यात दिवा खाली. आता धुकं म्हणजे काय? पाण्याचे थेंबच की! या डबीच्या डोळ्याला काय कळणार, समोर कण धुराचा आहे का पाण्याचा? उजेड डोळ्यात आला की ठोक बोंब."

"थांबा," बाई म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात धुलाईघर आलं होतं. "आमच्या इस्त्रीच्या यंत्राला वाफेचा पाइप होता. तोंडाशी काही दिसायचं नाही, हवा असावी तसं स्वच्छ. नवी बाई फसायची आणि हात भाजून घ्यायची. खरी वाफ दिसत नाही, साहेब. वीतभर पुढे गेली, गार हवा लागली, की तिचे बारीक थेंब होतात आणि मग पांढरं दिसतं. ज्या सकाळी थंडी कडाक्याची, त्या सकाळी माझ्या बाथरूममधली वाफ बोळात आली की इथे, बरोबर या डबीखाली, तिचं धुकं होत असणार."

दोघं एकमेकांकडे परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखे बघू लागले. मग साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"पण बाई, डबी दोन महिने इथेच आहे. अंघोळ तुम्ही रोजच करता, निदान मी तसं धरून चालतो. मग दोनच आठवडे का?"

बाई बाथरूमच्या दाराकडे वळल्या. दार आपलं आपण वीतभर उघडून उभं होतं. दोन आठवड्यांपूर्वी मुलगा आला होता. त्याच्या ऑफिसमधल्या कुणाची तरी आई बाथरूममध्ये पडली आणि आतून कडी असल्याने दार फोडावं लागलं, हे ऐकून तो पाना घेऊनच आला आणि कडी काढून घेऊन गेला. तेव्हापासून दार मिटत नव्हतं.

बाईंनी दाराला हात लावला. "लेकरू माझं," एवढंच म्हणाल्या.

मुलगा आणि सूनबाई तासाभरात आले. गाडीच्या डिकीत रिकामी खोकी होती, आणि मुलाचा चेहरा रस्ताभर पाठ केलेली वाक्यं विसरू नयेत म्हणून आवळलेला.

"आई, आता वाद नको. आधी औषधं आणि कागदपत्रं भरू…"

"चपला काढ आणि इथे उभा राहा," बाई म्हणाल्या. हा आवाज चाळीस बायकांना ऐकू जायचा. मुलगा चपला काढून उभा राहिला. "सूनबाई, तू त्याच्या शेजारी. साहेब, तुमचा खिसा दाखवा त्यांना."

साहेबांनी लायटर आणि काडेपेट्या कोर्टातल्या पुराव्यासारख्या हातावर मांडल्या. "काल संध्याकाळपासून माझ्या ताब्यात. सिलिंडर बंद. तरी सकाळी वाजला."

"कसा?"

"बघ." बाईंनी बाथरूममध्ये जाऊन गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि दार तसंच लोटून बाहेर आल्या. चौघं बोळात दाटीवाटीने उभे. दारातून पांढरा लोट निघाला, छताला लागून सरकला. मुलगा घड्याळ बघत होता. "आई, वाफेने कधी अलार्म…"

भोंगा असा वाजला की सूनबाईंनी घाबरून ड्रायव्हरसाहेबांचा दंड धरला.

टॉवेलाने वारा घालून डबी शांत केली. दुसऱ्या खेपेला बाईंनी बोळ कोरडा होऊ दिला, नळ सोडला आणि दाराच्या फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबून दार घट्ट लावलं. चौघं पुन्हा उभे. पाच मिनिटं झाली, सात झाली. डबी मुकाट.

मुलाने दाराकडे पाहिलं, कडीच्या जागेवरच्या चार भोकांकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले. "म्हणजे हे मी केलं."

"अर्धं," साहेब म्हणाले. त्यांना आता राहवेना. त्यांनी पत्रक पुढे केलं. "उरलेलं अर्धं इथे, खालून तिसरी ओळ. बाथरूमच्या दाराजवळ लावू नये."

"अहो, तिथे आधीच हुक होता! आईला भिंतीत नवं भोक चालत नाही. लहानपणी मी एक कॅलेंडर लावायला खिळा ठोकला, तर आठ दिवस बोलली नव्हती माझ्याशी."

"दोन दिवस," बाई म्हणाल्या.

"पत्रक वाचलं का नाहीस पण?" सूनबाईंनी विचारलं.

"पत्रक कोण वाचतं?"

"तुझी आई वाचते," सूनबाई म्हणाल्या.

मुलगा स्टुलावर टेकला. मग तो हळूच म्हणाला, "पण सकाळी तू बोलत नाहीस, ते? मला खरी भीती त्याची वाटली, आई. आग विझवता येते गं."

बाईंनी नेम दुसऱ्यांदा सांगितला. एकाच सकाळी दोनदा. वर्षानुवर्षं मुठीत धरलेली गोष्ट. पण मुलाचा चेहरा सैल होत गेलेला पाहिला आणि त्यांना वाटलं, याच्या जिवाला घोर लावून ठेवलेल्या मौनाला देवाने तरी कोणत्या खात्यात धरलं असतं?

"आम्हाला आधी सांगायचंस," मुलगा म्हणाला. "मी त्या वेळेला तुला फोन करायचो आणि तू उचलायची नाहीस. मी समजायचो, रागावलीस."

"रागावले की मी फोन उचलते," बाई म्हणाल्या. "आणि दूध माझ्या हातून जळलं, ते मी नाकारत नाही. डबी हवीच. मला ती नकोशी नाही, फक्त ती जिथे आहे तिथे नको. आता एक सांग. तुमच्या घरी कुठे लावलीय?"

मुलाने सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाईंनी पंख्याकडे पाहिलं.

"लावलीच नाही?" साहेब जवळजवळ ओरडले.

"आमच्याकडे काही जळत नाही," मुलगा म्हणाला.

"काय सांगतोस!" सूनबाई म्हणाल्या. "परवाचा टोस्ट कोण टाकून बसलं होतं मोबाइल बघत? खिडक्या उघडून आम्ही दोघं वह्यांनी वारा घालत होतो, आई. शेजारच्यांना वाटलं, व्यायाम चाललाय."

मुकादमबाई उठल्या. "चला. आधी इथली डबी हलवू, मग वाटेत एक नवी घेऊ. गाडी आणलीच आहेस मला न्यायला, तर ने."

इथल्या डबीसाठी मुलाने खालच्या दुकानातून ड्रिल मागून आणलं. बाईंनी स्वयंपाकघर आणि बाथरूम, दोन्ही दारांपासून पावलं मोजून बैठकीच्या तोंडाशी जागा दाखवली आणि तो भोक पाडत असताना डोळे मिटून घेतले. पहिलं भोक बोटभर चुकलं. दुसरं पाडावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत. तोवर साहेबांनी बाथरूमच्या दाराला चुंबकाचा खटका बसवला. दार मिटून राही, आणि बाहेरून ढकललं की उघडे.

मग गाडीत साहेब पुढे बसले आणि प्रत्येक चौकात मुलाला ब्रेक कधी दाबायचा ते सांगत गेले. मागे सूनबाई बाईंच्या कानाशी म्हणाल्या, "खरं सांगू? मला वाटत होतं तुम्ही याव्यात. पडदे उगाच नव्हते लावले."

"मला माहीत आहे गं. शनिवारी येत जाईन राहायला. पण रविवारी सकाळी माझ्याशी तासभर कुणी बोलायचं नाही."

"मला जमेल," मुलगा पुढून म्हणाला.

"तुला कुणी विचारलं? समोर बघ!" साहेब खेकसले.

त्या घरात बाई कमरेवर हात ठेवून प्रत्येक खोलीतून हिंडल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबल्या, नाही म्हणाल्या. बाथरूमसमोर थांबल्या, नाही म्हणाल्या. "अजून पुढे. अजून. हां, इथे." मुलगा स्टुलावर चढला, छताचा चुरा त्याच्या केसांत पडला. डबी लागली, बटण दाबून तिचा गळा तपासून झाला. मग बाईंच्या हुकमावरून सूनबाईंनी आत जाऊन गरम पाणी सोडलं, आणि चार मोठी माणसं दिवाणखान्यात माना वर करून, श्वास रोखून छताकडे बघत उभी राहिली. वाफ दाराबाहेर आली, पसरली, विरली. डबीने डोळासुद्धा उघडला नाही.

"पास," साहेब म्हणाले.

सूनबाईंनी चहा केला. निळ्या पडद्यांच्या खोलीत पलंगावर बसून बाईंनी तो सावकाश प्यायला, गादीवर हात फिरवून पाहिला, उशी मऊ असल्याचं सांगितलं. मग मुलगा दारात येऊन उभा राहिला. हातात गाडीची किल्ली होती.

"आई, निघायचं? उजेड आहे तोवर तुला घरी सोडतो."

"हो," बाई म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या. घरी म्हणजे कुठे, ते त्याने सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.